बदकातला छर्रा आणि आपल्या तोंडातलं शिसं

मागच्या महिन्यात मुलुंडच्या एक आजी सहा महिन्यांची बी.पी.ची औषधं लिहून घ्यायला आल्या. मुलगा अमेरिकेत, मिनेसोटात. सुनेला सातवा महिना, म्हणून बाळंतपणाला निघाल्या होत्या. औषधांची यादी झाली, विमानात पाय सुजू नयेत म्हणून काय करायचं ते झालं. उठता उठता, दाराच्या कडीला हात लावून, त्यांनी खरा प्रश्न काढला. (पेशंट खरा प्रश्न नेहमी दाराशीच विचारतात.)

"डॉक्टर, आमचा मुलगा तिकडे ऑफिसातल्या लोकांबरोबर बदकं मारायला जातो. फ्रीजर भरून ठेवलाय म्हणे. सुनेनं खाल्लेलं चालेल का? त्यात बंदुकीच्या गोळ्या असतात ना?"

मी म्हटलं, "आजी, बसा. आधी मुलाला विचारा, छर्रा कशाचा वापरतो? शिशाचा की स्टीलचा?"

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण गरोदर बाईच्या ताटात काय जातं, हे त्या एका उत्तरावर बरंचसं ठरतं. आणि त्या उत्तराचा आपल्या अंधेरी-बोरिवली-घाटकोपरशीही संबंध आहे, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे खाली प्रतिक्रियांत वाद नको. आपल्याकडे शिकार बंद आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती आवळली आणि 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यावर चालणारी उरलीसुरली शिकारही संपली. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांकडे आपण दुर्बिणीतून बघायचं, एवढंच. हा नियम मला मनापासून पटतो. पण अमेरिकेत बदकांची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात कायदेशीर आहे आणि आपली मुलं तिकडच्या लोकांत मिसळतात. आजींना मी नीतीवर प्रवचन दिलं असतं तर त्या मान हलवून गेल्या असत्या आणि फ्रीजर भरलेलाच राहिला असता.

आता छर्रा. पक्षी मारायच्या बंदुकीच्या काडतुसात एक गोळी नसते. मोहरीपासून मिरीपर्यंतच्या आकाराचे शे-दीडशे, कधी त्याहून जास्त बारीक गोळे असतात. बार उडाला की ते पसरत जातात. दोन-चार पक्ष्याला लागतात, बाकीचे पाण्यात पडतात. शेकडो वर्षं हे छर्रे शिशाचे होते, कारण शिसं जड, मऊ, स्वस्त आणि चुलीवरसुद्धा वितळणारं. 12 नोव्हेंबर 1938 ला भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले, हा आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. मला डॉक्टर म्हणून वेगळाच हिशेब दिसतो. जे छर्रे चुकले त्यांचं काय झालं?

ते चिखलात बसतात आणि पुढच्या हंगामात बदक ते गिळतं. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर जो 'पेटा' मिळतो, तो जाड स्नायूंचा भाग आठवा. पक्ष्याला दात नसतात, म्हणून तो बारीक खडे गिळतो आणि त्या पेट्यात दाणे दळतो. बदकाला खडा आणि छर्रा यातला फरक कळत नाही. शिशाचा छर्रा त्या जात्यात खड्यांवर घासला जातो, पोटातल्या आम्लात विरघळतो, रक्तात उतरतो. पक्ष्याचे पंख लुळे पडतात, तो खात नाही, काही आठवड्यांत मरतो. त्याच्यावर कुणी बंदूक रोखलेलीही नसते.

म्हणून अमेरिकेनं 1987 पासून टप्प्याटप्प्यानं आणि 1991 च्या हंगामापासून देशभर, पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा बंद केला. डेन्मार्कनं 1996 मध्ये सगळ्याच शिकारीतला शिशाचा छर्रा थांबवला. युरोपीय संघाच्या पाणथळ जागांवर ही बंदी फेब्रुवारी 2023 पासून आहे. शिकारी खुशीनं बदलले असं समजू नका. अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडण झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या. स्टीलनं बंदूक बिघडेल, पक्षी नुसता जखमी होऊन उडून जाईल, अशा तक्रारी होत्या.

गंमत म्हणजे त्या तक्रारी अगदीच खोट्या नव्हत्या. स्टीलचा छर्रा म्हणजे खरं तर मऊ लोखंडाचा गोळा. शिशाची घनता 11.3, लोखंडाची 7.8. तेवढ्याच आकाराचा गोळा हलका, म्हणून हवेत लवकर मंदावतो. त्यावर उपाय म्हणजे दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा आणि लांबून बार टाकायचा नाही. लोखंड शिशासारखं दबत नाही. त्यामुळे नळीचं तोंड फार आवळलेलं असेल तर नळीला इजा होते. आजोबांच्या काळातली पातळ नळीची किंवा जुन्या वळीव पोलादाची बंदूक स्टीलसाठी वापरायचीच नाही. आधी बंदूक जाणणाऱ्या कारागिराला दाखवायची आणि खोक्यावर लिहिलेलंच काडतूस वापरायचं. शिशाच्या मापानं घरी भरलेलं काडतूस तर अजिबात नाही. हे सगळं आजींच्या मुलाला तिकडच्या परवान्याच्या शिकवणीत सांगितलं असणारच.

माझ्या हद्दीतलं मात्र मी सांगितलं. कडक छर्रा दगडावर, बर्फावर, पाण्यावर आपटून उलटा येऊ शकतो, म्हणून डोळ्यांवर न फुटणारा चष्मा हवा, नुसता गॉगल नाही. लोखंडाचा बारीक कण डोळ्यात राहिला तर तो आत गंजतो आणि महिन्यांनी दृष्टिपटल खराब करतो. तोवर माणूस 'काही नाही, कचरा गेला होता' म्हणत असतो. बंदुकीचा आवाज कानाशी 140 डेसिबलच्या वर जातो, म्हणजे कानात बोळे हवेतच. एका बारानंही कान कायमचा बसू शकतो. आणि कधी अपघातानं अंगात स्टीलचा छर्रा राहिलाच, तर पुढे कधीही एम.आर.आय. करण्याआधी ते सांगायचं. त्या यंत्राचं चुंबक लोखंड ओढतं. शिशाला ओढत नाही. लोक एम.आर.आय.च्या फॉर्मवर 'शरीरात धातू आहे का?' या प्रश्नापुढे न वाचता 'नाही' लिहितात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता ताट. स्टीलचा छर्रा चुकून गिळला तर बहुतेक वेळा तसाच बाहेर पडतो. दाताखाली आला तर मात्र दात फुटेल, कारण शिसं दाबलं तर दबतं, हे नाही. म्हणून मांस कापताना छर्रा शिरल्याची वाट शोधायची (आत ओढली गेलेली पिसं ती दाखवतात), तिथला काळसर भाग कापून टाकायचा आणि बोटांनी चाचपायचं. छर्रा सापडला की फ्रीजवरचं चुंबक लावून बघायचं. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर शिसं असेलच असं नाही, बिस्मथचेही छर्रे मिळतात. अशा वेळी काडतुसाचं खोकं वाचायचं.

आजी जरा निवांत झाल्या. मग म्हणाल्या, "हरणाचा खिमा पण आहे म्हणे."

इथे मी थांबलो. अमेरिकेतली देशव्यापी बंदी पाणपक्ष्यांपुरती आहे. हरणाला रायफलची गोळी लागते आणि ती अजूनही बहुधा शिशाचीच असते. ती मांसात शिरताना फुटते आणि तिचे कण जखमेपासून बरेच लांब उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत. मिनेसोटाच्या शेजारच्या नॉर्थ डकोटात 2008 साली एका डॉक्टरनं गरिबांना दान दिल्या जाणाऱ्या हरणाच्या खिम्याच्या पाकिटांचा चक्क सी.टी. स्कॅन केला. अनेक पाकिटांत धातूचे ठिपके चमकले. पुढे त्या राज्यातल्या 738 लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं सरासरीनं थोडं जास्त निघालं. फरक मोठा नव्हता, डेसिलिटरमागे साधारण 0.3 मायक्रोग्रॅम. पण शिशाच्या बाबतीत 'इतकं चालतं' अशी खालची पातळी अजून कुणाला सापडलेली नाही. मी आजींना सांगितलं: बदक स्टीलच्या छर्ऱ्याचं असेल तर नीट साफ करून, पूर्ण शिजवून सुनेला चालेल. हरणाचा खिमा बाळंतीण होऊन बाळाचं दूध सुटेपर्यंत तिला नको, आणि घरातल्या लहान मुलांना तर नकोच.

एवढी सावधगिरी का? शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं. मोठा माणूस गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, आणि आपल्याकडे ते कुणाचं कमी नसतं? रक्तातलं शिसं महिना-दोन महिन्यांत बरंच उतरतं, पण ते सगळं बाहेर जात नाही. हाडांत जाऊन वीस-वीस वर्षं बसतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडातलं कॅल्शियम निघतं आणि त्याच्याबरोबर जुनं शिसंही निघतं. वार त्याला अडवत नाही. मोठ्यांत रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, पोटात कळा येतात, हिमोग्लोबिन उतरतं. मुलांत मात्र बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. मूल थोडं चंचल, अभ्यासात थोडं मागे, एवढंच. त्याचं खापर मोबाइलवर फुटतं.

आता आपल्याकडे येऊ. बदकं मारणारा इथे कुणी नाही. पण छर्रा आहे, आणि तो शिशाचाच आहे.

गेल्या काही वर्षांत उपनगरांत एअर रायफलचे क्लब आणि वर्ग दिसू लागलेत. कुठे शाळेच्या तळघरात, कुठे सोसायटीच्या हॉलमागे दहा मीटरची जागा. अंजली भागवत यांच्यापासून राही सरनोबत, तेजस्विनी सावंतपर्यंत महाराष्ट्राचा नेमबाजीचा वारसा मोठा, आणि 2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक आणल्यावर पालकांचा उत्साह वाढला. मला याचा आनंदच आहे. एकाग्रता शिकवणारा असा खेळ क्वचितच असेल. (सालिम अलींनी लहानपणी मुंबईत एअरगननं एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती ओळखायला ते 1908 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. हा मार्ग आज मात्र कुणी वापरू नये.)

प्रश्न छर्ऱ्याचा आहे. 4.5 मिलिमीटरचा तो मऊ छर्रा मूल एका तासात पन्नास-साठ वेळा बोटांनी उचलतं. प्रत्येक वेळी बोटाला करडा मळ लागतो. तो मळ म्हणजे शिसं. छर्रा पलीकडच्या लोखंडी पेटीवर आपटून चपटा होतो आणि थोडी धूळ उडते. मग मधली सुट्टी होते, डबा उघडतो आणि त्याच बोटांनी पोळीचा तुकडा मोडला जातो. एका क्लबात मी स्वतः बघितलं, दहा-अकरा वर्षांचा मुलगा पुढचे दोन छर्रे ओठांत धरून नेम धरत होता. वेळ वाचतो म्हणे. जुहूच्या चौपाटीवर फुगे फोडायच्या फळीपाशीही हे दृश्य मी पाहिलंय. तिथे तर तो माणूस रोज संध्याकाळी चार-पाच तास तेच करतो.

इथे कुणी म्हणेल, मग इथेही स्टील वापरा की! नाही. इथे स्टील हे उत्तर नाही. दहा मीटरवरून कडक गोळी पत्र्यावर आपटून सरळ डोळ्याकडे परत येऊ शकते. स्पर्धेचे नियमही शिसं किंवा तसाच मऊ पदार्थ मागतात. कथलाच्या मिश्रणाचे बिनशिशाचे छर्रे मिळतात. ते महाग आहेत आणि नेमात थोडं उणंअधिक होतं अशी नेमबाजांची तक्रार असते. स्पर्धेत खेळणाऱ्याचं ठीक, पण नुकतं शिकायला लागलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा नेम तसाही भिंतीवरच असतो. त्याला कथलाचा छर्रा का नको, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

घाबरवायचा हेतू नाही. एअर रायफलमध्ये दारू जळत नाही, त्यामुळे धूर नाही. बंदिस्त रेंजवर .22 च्या काडतुसानं सराव करणाऱ्यांना शिशाचा धोका याहून पुष्कळ जास्त. एअर रायफलचं शिसं जवळजवळ सगळं हातावाटे तोंडात जातं, म्हणजे ते थांबवणं सोपं आहे. साबण आणि वाहतं पाणी लागतं. सॅनिटायझर नव्हे, तो जंतू मारतो, धातू जागच्या जागी राहतो. डबा रेंजच्या बाहेर. छर्रे ओठांत, खिशात, कंपासपेटीत नाहीत. जमीन झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. सरावाचा टी-शर्ट घरी आल्यावर वेगळा टाकायचा, धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायच्या आधी.

तोंडाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. भांडुप-मुलुंडच्या खाडीकडे किंवा गोराई-मनोरीला कुणी हातजाळं फेकताना बघितलंय? जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात आणि घेर नीट उघडावा म्हणून ती कड दातांत धरतात. पिढ्यान् पिढ्यांचं कौशल्य आहे, मी शिकवणारा कोण. पण गोळ्या घरी, स्वयंपाकाच्या शेगडीवर, शिसं वितळवून ओतत असतील तर त्या वाफेपासून आणि राखेपासून पोरांना दूर ठेवा, एवढं तरी मी म्हणणारच. ब्रिटननं 1987 मध्ये गळाची शिशाची छोटी वजनं बंद केली, ती राजहंस मरत होते म्हणून.

माझं मत इथेच आहे आणि ते काही पालकांना आवडणार नाही. तीस वर्षं मी सल्ले देतोय. सल्ल्यानं शिसं सुटत नाही. अमेरिकन शिकाऱ्याला बदकं मरताना दिसत होती, तरी त्यानं काडतूस बदललं ते नियम आल्यावर. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं 2000 साली गेलं ते सरकारनं काढलं म्हणून. गाडीवाल्यांनी मागणी केली म्हणून नव्हे. घरच्या रंगातल्या शिशावर 2016 च्या नियमांनी 90 पीपीएमची मर्यादा आली, त्याआधी 'चांगला रंग वापरा' असं आम्ही ओरडतच होतो. म्हणून क्लबच्या भिंतीवर 'कृपया हात धुवावेत' असा कागद चिकटवून भागणार नाही. रेंजच्या दाराशी बेसिन नसेल तर बारा वर्षांखालच्या मुलांची तुकडी घ्यायची नाही, असा नियम हवा. आणि तो नियम फी भरणाऱ्या पालकांनीच मागायला हवा, कारण दुसरं कुणी मागणार नाही. आपण पालक कोच कोण आहे, रायफल कुठल्या देशाची आहे, हे विचारतो. 'नळ कुठे आहे?' असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. एका क्लबच्या चालकांना मी हे सुचवलं तर ते म्हणाले, "डॉक्टर, मुलं घाबरतील." मुलं नाही घाबरत. शिसं म्हणजे काय ते त्यांना नीट सांगितलं की तीच घरी जाऊन आईला हात धुवायला लावतात.

तपासणीबद्दल विचारणा होईल. रक्तातल्या शिशाची तपासणी मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, रक्त शिरेतून काढायचं. बोट टोचून काढलं तर बोटावरचंच शिसं मोजलं जाण्याची भीती. सरसकट सगळ्यांनी करायची गरज नाही. मूल आठवड्यातून तीन-चार दिवस रेंजवर जातं, घरात कुणी शिसं वितळवतं, नागभस्म असलेलं औषध चालू आहे, किंवा पोटदुखी आणि रक्तक्षय यांचं कारणच सापडत नाही, तर करा. अमेरिकेची सी.डी.सी. मुलांमध्ये 3.5 मायक्रोग्रॅमच्या वर लक्ष घालायला सांगते, जागतिक आरोग्य संघटना 5 च्या वर शिसं कुठून येतंय ते शोधून ते बंद करायला सांगते. रिपोर्टवर लॅबची जुनी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असू शकते, तिच्यावर जाऊ नका, आकडा घेऊन डॉक्टरांकडे या. शिसं बाहेर काढायची औषधं आहेत, पण ती खूप वरच्या आकड्यांसाठी. खालच्या आकड्याला उपाय म्हणजे ते येण्याची वाट बंद करणं आणि ताटात लोह-कॅल्शियम वाढवणं: नाचणी, दूध, तीळ, पालेभाज्या आणि त्यावर लिंबू. 'शरीर डिटॉक्स' करणारे काढे-गोळ्या विकत घेऊ नका.

आणि एअरगनचा छर्रा अंगात घुसून राहिला असेल, लहानपणी चुलतभावानं मारलेला वगैरे, तर स्नायूत बसलेला छर्रा बहुधा तसाच ठेवतात. काढायला जाऊन जास्त नुकसान होतं. सांध्यात असेल तर मात्र काढावा लागतो, कारण सांध्यातल्या द्रवात शिसं हळूहळू विरघळत राहतं. एक्स-रे काढला की कळतं.

आजी पोचल्या. परवा व्हॉट्सअॅपवर फोटो आला: स्टीलच्या वाटीत सात बारीक गोळे, आणि बाजूला फ्रीजवरचं गणपतीचं चुंबक. खाली लिहिलं होतं, "सातही चिकटले. खिमा मुलाच्या मित्राला देऊन टाकला." त्या मित्राच्या घरी लहान मुलं आहेत का, ते मी उलट विचारलंय. उत्तर अजून यायचंय.